थापी हातात घ्यायचीय : हरित बांधकामातल्या कामांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की गावातलं घर शक्य तेवढं जवळच्या मुरमात, चुन्यात, बांबूत, दगडात बांधलं तर जो पैसा सिमेंट-सळईच्या ट्रकबरोबर बाहेर जातो त्यातला बराचसा गावच्याच पोरापोरींच्या हजेरीत, म्हणजे रोजच्या मजुरीत राहतो, आणि पर्यावरणाचंही कमी नुकसान होतं. त्यावर इतकी पत्रं, मेसेज आणि व्हॉइस नोट आल्या की मी दोन रात्री नुसती वाचत आणि ऐकत बसले होते. बहुतेक लिहिणारे वीस-पंचविशीतले आहेत आणि सगळ्यांचं विचारणं थोड्याफार फरकाने एकच, की ताई हे सगळं खरं पण यात काम मिळतं का, आणि मिळतं तर कुणाकडे जायचं. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही म्हणून सात पत्रं निवडलीत. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

ताई नमस्कार. मी औसा तालुक्यातला. बारावीचे दोन विषय राहिलेत. वडील गवंडी आहेत, त्यांच्या हाताखाली दोन वर्षं बिगारी केली. मोबाईलवर जाहिरात बघितली, १५ हजार भरा, आठ दिवसांत ऑनलाईन 'ग्रीन बिल्डिंग एक्स्पर्ट' सर्टिफिकेट आणि नोकरीची हमी. वडील नको म्हणतात, आई म्हणते कानातलं मोडते. काय करू?

आईला सांग कानातलं कानातच राहू दे. आठ दिवसांत मोबाईलवर बघून कुणी बांधकामातलं एक्स्पर्ट होत नाही, आणि नोकरीची हमी देणारा जर आधी पैसे मागत असेल तर तिथेच थांबायचं. तुझ्याकडे जे आहे ते त्या जाहिरातवाल्याकडे नाहीये, घरात गवंडी बाप आहे आणि दोन वर्षं घमेलं उचललेले हात आहेत.

आता हरित म्हणजे काय ते जरा समजून घे, कारण हे कळलं की वडिलांच्याच कामाकडे तू वेगळ्या नजरेने बघशील. सिमेंट बनवताना चुनखडी साधारण १४५० अंशाला भाजतात, आणि भाजताना त्या दगडातूनच कार्बन वायू बाहेर पडतो, म्हणजे इंधनाचा धूर वेगळा आणि दगडातून निघणारा वेगळा, आणि दगडातून निघणारा अर्ध्याहून जास्त असतो. जगात माणसाच्या उद्योगांमुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. मग साईटवर जो गवंडी माल नीट मोजून कालवतो, सढळ हाताने भसाभस सिमेंट ओतत नाही, भिंत ओळंब्यात ठेवतो म्हणून गिलावा जाड करावा लागत नाही, आणि संध्याकाळी आठवणीने पाणी मारतो, तो माणूस हरित कामच करतोय, त्याला कुणी तसं म्हटलं नाही एवढंच. ओळंबा चुकलेली भिंत सरळ दिसावी म्हणून लोक दीड-दोन इंच गिलावा चढवतात, त्यात किती गोण्या फुकट जातात ते वडिलांना विचार, ते तोंडी हिशोब सांगतील.

मग त्यावर नवीन काय शिकायचं? रॅट ट्रॅप बाँड शीक. यात वीट आडवी न ठेवता काठावर उभी लावतात, भिंतीच्या पोटात पोकळी राहते, साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उन्हाचा ताव आत कमी येतो. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत हजारो घरांत वापरली, ते जन्माने इंग्लंडचे पण आयुष्य इथेच घालवलं, १९८९ मध्ये भारताचे नागरिक झाले. दुसरं म्हणजे चुन्याचं काम. आपल्याकडच्या वाड्यांचे चुन्याचे गिलावे शंभर-दीडशे वर्षं टिकलेत, पण आज चुना भिजवून, मुरवून, घाण्यात मळून लावणारा गवंडी शोधायला मला दोन-दोन जिल्हे फिरावे लागतात. जुने वाडे, देवळं, मशिदी, दर्गे, गढ्या यांच्या दुरुस्तीला चुनाच लागतो, सिमेंट लावलं की आतला ओलावा कोंडतो आणि दगड सुटायला लागतो. हे काम ज्याला येतं तो मोकळा बसलेला मी बघितलेला नाही.

कागद हवाच असेल, आणि तो असावा असं माझंही मत आहे, तर सरकारी वाट धर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंडी प्रशिक्षण असतं, ४५ दिवसांचं, आणि ते वर्गात बसून होत नाही, लाभार्थ्याचं खरं घर बांधता बांधता होतं. पंचायत समितीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंता म्हणून माणूस असतो, त्याला भेट, पुढची बॅच कधी आहे विचार. आयटीआयलाही गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. वडिलांना वर्गात बसायची गरज नाही, आधीच येणाऱ्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारने केलेली आहे, त्याला आरपीएल म्हणतात. बाप-लेक दोघांनी मिळून अर्ज करा की, मला तर फार आवडेल. आणि ते दोन विषय सोडवून टाक, पुढे डिप्लोमाची इच्छा झाली तर अडायला नको.

ताई, माझं वय ५८. आमचं घर किल्लारीजवळ होतं. भूकंपात आई आणि धाकटा भाऊ गेले. आता माझा पुतण्या म्हणतो मातीची घरं बांधायला शिकतो. तुम्ही पोरांना हे काय डोक्यात भरवताय? दगडमातीनेच तर आमची माणसं मारली.

काका, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, चार वाजायच्या आतबाहेर, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. मी तेव्हा शाळेत होते, आमच्या गावात फक्त भांडी पडली, पण नंतर आठवडाभर आम्ही सगळे अंगणात झोपत होतो आणि आजी रात्रभर जागी असायची. तुम्ही जे भोगलंय त्याच्यापुढे मी काही शिकवावं एवढी मोठी मी नाही. पण पुतण्याचा प्रश्न आहे म्हणून जे काम करताना कळलं ते सांगते.

त्या भागातल्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, बाहेरून एक दगडाची ओळ, आतून एक, मध्ये बारीक दगड आणि माती. दोन्ही ओळींना आरपार जोडणारा लांब दगड बऱ्याच भिंतींत नव्हताच. वर माळवद, म्हणजे लाकडावर हातभर माती, आणि गळायला लागलं की दरवर्षी आणखी थर, त्यामुळे टनावारी वजन डोक्यावर. जमीन हलल्यावर भिंतीच्या दोन ओळी एकमेकींपासून फाटल्या, पोटातली माती ओघळली आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. मातीचा दोष म्हणण्यापेक्षा जोड नव्हता आणि छप्पर जड होतं हे खरं कारण. आता याच्या उलट कच्छमध्ये बघा, २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजमधल्या पक्क्या इमारती कोसळल्या, पण बन्नी भागातले मातीचे भुंगे, म्हणजे गोल घरं, वर हलकं गवताचं छप्पर, त्यातले बरेच उभे राहिले. गोल भिंतीला कोपराच नसतो त्यामुळे कोपऱ्यात फाटत नाही.

आज जे मातीचे ब्लॉक शिकवतात त्यात साधारण ५ टक्के सिमेंट किंवा चुना मिसळून यंत्रात दाबतात, आणि घराला जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे काँक्रीटचे पट्टे फिरवतात, कोपऱ्यात उभ्या सळया असतात, छप्पर हलकं असतं. पट्टा म्हणजे पेटीला बांधलेल्या दोरीसारखा, सगळ्या भिंती एकत्र धरून ठेवतो. यासाठी भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत, नुसती कुणाची हौस नाही. पट्टे न घालता मातीचं घर बांधायला तुमचा पुतण्या निघाला तर मीच त्याला अडवीन.

आणि काका, यातच एक मोठं काम पडलेलं आहे जे मला फार जवळचं वाटतं. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, पण बाकीच्या शेकडो गावांत जुनीच घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून तयार केलं, त्या घरोघरी जाऊन लोकांना मजबुतीकरण समजावत, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवत. आजही मराठवाड्यात, सोलापुरात, नगर भागात हजारो दगडमातीची घरं उभी आहेत आणि त्यात माणसं राहतात. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई नि काँक्रीट भरून दोन्ही ओळी जोडायच्या, माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, बाहेरून पट्टा बांधायचा. नियम साधा आहे, दर दोन फूट उंचीला एक आणि आडवं चार फुटांच्या आत एक जोड. घर पाडून नवीन बांधण्यापेक्षा यात सिमेंट, विटा कितीतरी कमी लागतात आणि माणसाचा जीव वाचतो, याहून हरित काम मला तरी माहीत नाही. तुमच्या पुतण्याने आधी हे शिकावं. तुमच्या घरातल्या मुलाने इतरांची घरं मजबूत करावीत असं मला मनापासून वाटतं, पण तुमचं मन होत नसेल तर त्यालाही माझा मान आहे.

आम्ही चार मित्र, चंद्रपूर जिल्हा. एक आयटीआय फिटर, दोघं बीए, एकाची दीड एकर शेती. राखेच्या विटांचा किंवा मातीच्या ब्लॉकचा धंदा टाकायचाय. मशीनवाला रोज फोन करतो की बुकिंग करा रेट वाढणार. काय घ्यावं?

मशीन सगळ्यात शेवटी घ्यायचं रे पोरांनो. आधी गिऱ्हाईक, मग कच्चा माल, मग पाणी, मग हात बसवणं, आणि मग मशीन. ही माझी स्वतःची ठेच आहे म्हणून सांगते. पहिल्यांदा ब्लॉक पाडले तेव्हा आम्ही एका शेतातली माती आणली, त्यात काळी जास्त होती, आणि ऐन एप्रिलमध्ये ब्लॉक उन्हात उघडे ठेवले. चौथ्या दिवशी निम्म्याहून जास्त ब्लॉकांना केसासारख्या चिरा गेल्या, सगळा लॉट रस्त्याच्या भरावात टाकावा लागला. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, तिचा ब्लॉक करूच नये. मुरूम, लाल माती चालते. घरच्या घरी बघायचं तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, पाणी भरा, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि दिवसभर ठेवून द्या. खाली वाळू बसते, मग गाळ, वर चिकणमाती. वरचा थरच जाड असेल तर ती माती सोडा. ब्लॉक काढले की पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली झाकून ठेवायचे आणि मग चार आठवडे ओले ठेवायचे, यात घाई केली की आमच्यासारखं होतं.

पण तुम्ही चंद्रपूरचे, तुमच्या उशाला औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर राखेच्या विटांकडे आधी बघितलं असतं. राख, चुना किंवा सिमेंट, दगडाची चुरी, दाबून, पाणी मारत पक्की होऊ द्यायची, भट्टी लागत नाही, कोळसा लागत नाही, शेतातली सुपीक मातीही लागत नाही. राख वापरली जावी म्हणून केंद्राने १९९९ पासून अधिसूचना काढल्यात आणि आता वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांना राखेचे पदार्थ वापरायचं बंधन आहे. म्हणजे सरकारी कामात मागणी आहे, फक्त वीट मजबूत निघाली पाहिजे. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये विटा दाबून ताकद तपासून मिळते, पहिल्या लॉटपासून तो रिपोर्ट फाईलला लावत जा, इंजिनिअर विटा नंतर बघतो, आधी रिपोर्ट मागतो.

पैशांचं म्हणाल तर पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या धंद्याला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के, मागासवर्गीय, महिला, दिव्यांग अशांना ३५ टक्के अनुदान आहे. सुरुवातीला ५० लाखांचं स्वप्न बघू नका. जिल्हा उद्योग केंद्रात जा, दोनदा-तीनदा जावं लागेल, जा. बँकेकडे जायच्या आधी निदान तीन ठेकेदार आणि दोन ग्रामपंचायतींकडून आम्ही तुमची वीट घेऊ एवढं लेखी आणा.

अजून एक, राख उडते आणि ती श्वासात गेली तर फुप्फुसं खराब होतात. रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क पाहिजे आणि राख कायम ओली ठेवायची. मशीनच्या पैशात मास्कचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा.

मॅडम, डिप्लोमा सिव्हिल झालंय, सांगलीची आहे, पुण्यात एका बिल्डरकडे आहे. मला साईट हवी होती पण 'मुलगी आहेस, ऑफिसात बस, बिलं तपास' म्हणतात. ग्रीन बिल्डिंगमध्ये करिअर होईल का? कोणती परीक्षा देऊ?

होईल, पण ऑफिसातूनच सुरुवात झाली तर आधी साईट मिळव, परीक्षा नंतर. ग्रीन रेटिंगच्या, म्हणजे इमारत किती हरित आहे याचे गुण देण्याच्या दोन मोठ्या पद्धती आपल्याकडे चालतात, एक गृहा, टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून आणलेली, दुसरी आयजीबीसी, ती सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेची, २००१ पासून. दोघांच्याही परीक्षा आहेत आणि त्या तुला जड जाणार नाहीत. रेटिंग मिळालं की बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकाम मिळतं म्हणून बिल्डर धावतात, त्यामुळे कागदपत्रं करणारे खूप झालेत. ज्यांची कमतरता आहे ते लोक वेगळे, जे साईटवर उभं राहून सांगू शकतात की ही खिडकी पश्चिमेला एवढी मोठी ठेवली तर एसीचं बिल वाढेल, हा ब्लॉक बदलला तर भिंत कमी तापेल, आणि हे गणिताने दाखवू शकतात. घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली, त्यात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातलीय, चौरस मीटरला १५ वॅट. हे गणित साध्या एक्सेलमध्ये बसतं. तू सध्या ज्या इमारतीची बिलं तपासतेस तिचेच नकाशे घे आणि रात्री बसून हे काढून बघ. मग ते साहेबांसमोर ठेव, बोलायची पद्धत बदलते, मी बघितलंय.

साईटबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने जरा भांडणार आहे. मुलगी म्हणून साईट देत नाही याचं खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की साईटवर बायकांसाठी संडासच नसतो आणि तो बांधायचा खर्च कुणाला करायचा नसतो. तिथे डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायका मात्र रोज असतात, त्यांचा विचार कोण करतं. तू लेखी माग, तुझ्यासाठी आणि त्यांच्यासाठी. झारखंडमध्ये बायकांना गवंडीकाम शिकवून राणी मिस्त्री म्हणून उभं केलं, त्यांनी गावोगावी शौचालयं बांधली, केरळात कुटुंबश्री या बचतगटांच्या बायकांनी घरं बांधली. आपल्याकडे बाई आयुष्यभर बिगारीच राहते, तिच्या हातात थापी देत नाहीत, म्हणून तिची हजेरीही तिथेच अडकते. तू सुपरवायझर झालीस तर दोन बायकांना भिंतीवर चढव, एवढं माझं ऐक.

सोलर बसवायचं काम शिकू का? इलेक्ट्रिशियन आयटीआय झालोय, श्रीरामपूर.

शीक, आणि लवकर शीक. १३ फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली, एक कोटी घरांचं लक्ष्य आहे, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान. काम नोंदणी झालेल्या व्हेंडरमार्फतच होतं, म्हणून सुरुवातीला अशाच एखाद्याकडे लाग. सूर्यमित्र नावाचं तीन महिन्यांचं सरकारी प्रशिक्षण आहे, त्याची चौकशी कर. दोन गोष्टी मात्र मनावर घे. पॅनेलवर ऊन आहे तोवर वायरीत करंट आहे, मेन बंद केला तरी पॅनेलकडची बाजू जिवंतच असते आणि डीसीचा झटका माणसाला सोडत नाही. दुसरं, सुरक्षेचा पट्टा अंगाला बांधल्याशिवाय पत्र्यावर चढायचं नाही, मालक कितीही म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे. आणि बसवून झालं की काम संपलं असं धरू नकोस, धुळीने पॅनेल भरतात, कनेक्टर जळतात, इन्व्हर्टर बंद पडतात, तेव्हा फोन उचलणारा माणूस श्रीरामपुरात कोण आहे? तो तू हो.

आम्ही कुडाळकडचे. मुलगा मुंबईत सिक्युरिटीत होता, परत आलाय. घरची कौलं शाकारायला दरवर्षी माणूस मिळत नाही, शेजारी म्हणतात स्लॅब टाका. बागेत माणगा बांबू भरपूर आहे. मुलाला यातून काही करता येईल का?

तुमच्या पत्रातच उत्तर आहे हो. कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, म्हणजे त्या माणसाची गरज आहे! वाशे बदलणं, कोने बसवणं, माकडांनी फोडलेली कौलं काढणं, हे ज्यांना येत होतं ती पिढी थकली आणि पोरं मुंबईला गेली. चार पोरांची टोळी करा, मोबाईल नंबर आजूबाजूच्या वाड्यांत द्या, एप्रिल-मेमध्ये तुम्हाला उसंत मिळणार नाही. मुंबईकरांची बंद घरं तर किती आहेत, ते गणपतीला येतात आणि गळणारं छप्पर बघून स्लॅबचा निर्णय घेतात. चिऱ्याच्या भिंती आणि वर कौल, कोकणच्या पावसाला आणि दमट हवेला याहून चांगलं काही मी बघितलेलं नाही, स्लॅब टाकला की उन्हाळ्यात आत बसवत नाही आणि चार पावसाळ्यांत वर पुन्हा पत्र्याची शेड उभी राहतेच.

माणग्याचं म्हणाल तर तो भरीव, सरळ बांबू आहे, बांधकामाला उत्तम. २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, त्यामुळे आपल्या बागेतला तोडायला-न्यायला पूर्वीसारखी अडचण नाही. तुमच्या कुडाळलाच कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, मुलाला तिथे नुसतं बघायला पाठवा, बांबूचं घर, हॉटेलची शेड कशी होते ते कळेल. बांबू कच्चा वापरला तर भुंगेरा पोखरतो, पीठ पडायला लागतं आणि मग लोक बांबूलाच नावं ठेवतात. तीन वर्षांच्या पुढचा बांबू तोडायचा, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायचा, सावलीत उभा करून वाळवायचा. टाकी बांधून बांबू मुरवून देणं हाच वेगळा धंदा होऊ शकतो. मी असते तर टाकीपासूनच सुरुवात केली असती, कारण ती असली की शेजारचे बांबूवाले आपोआप तुमच्या दारात येतील.

मी छोटा ठेकेदार, सोलापूर. तुमचं सगळं पटतं पण पोरं टिकत नाहीत. आठ दिवस येतात, शिकवतो, नवव्या दिवशी डिलिव्हरीच्या गाडीवर दिसतात. ग्रीन जॉब ग्रीन जॉब म्हणता, पण करणार कोण?

दादा, तुमचं दुखणं मला कळतं, माझ्याकडूनही गेलेत. पण गेलेल्या एका पोराला मी रस्त्यात थांबवून विचारलं होतं. तो म्हणाला ताई तिथे पैसे दर आठवड्याला खात्यात येतात, इथे मुकादम शनिवारी म्हणतो पुढच्या शनिवारी. पुढे म्हणाला, तिथे टी-शर्ट आहे, इथे चप्पल घालून सळईवर चालतो. मला त्याच्यापुढे काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून मी माझ्याकडे तीन गोष्टी बदलल्या. हजेरी खात्यात आणि ठरलेल्या वारी. पहिल्या दिवशी बूट आणि हेल्मेट, त्याचे पैसे कापायचे नाहीत. आणि बिगारीला सहा महिन्यांत काय आलं की हजेरी किती वाढणार हे आधीच सांगायचं, म्हणजे ओळंब्यात चार फूट भिंत लावता आली की एवढी, गिलावा आला की एवढी, चुन्याचं काम आलं की एवढी. पोराला पुढची पायरी दिसली की तो थांबतो. सगळे थांबले असं म्हणत नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त थांबले.

शिवाय सगळ्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून द्या. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला एवढं लागतं, आणि तो ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देत नाही म्हणूनच कितीतरी पोरांची नोंदणी अडते. मंडळाचा पैसा बांधकामावरच्या १ टक्का उपकरातूनच येतो, तो या पोरांच्याच घामाचा आहे, त्यातून मुलांच्या शिक्षणाला, दवाखान्याला मदत मिळते. तुमच्या एका सहीचं काम आहे.

सोलापुरात आणखी एक सुचवते. तुमच्याकडे पाऊस बेताचा, ५०० मिलिमीटर धरला तरी हजार चौरस फुटांच्या छतावर ४६ हजार लिटर पाणी पडतं, गळती-बाष्प वजा करून ३५ हजार लिटर तरी टाकीत किंवा बोअरला देता येतं. एप्रिलमध्ये टँकर मागवणाऱ्या सोसायट्या तुम्हाला माहीतच असतील. दोन पोरांना फक्त हेच शिकवा, छताचा उतार, पन्हाळ, पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायचा वॉल्व्ह, गाळणी. जूनच्या आधी दोन महिने आणि दिवाळीनंतर साफसफाईला एक महिना, ही तुमच्या टोळीला बांधकाम थंड असतानाही हजेरी देणारी कामं आहेत. पुढच्या महिन्यात मी सोलापुरात दोन दिवस आहे, तुमच्या साईटवर येऊन छताचा उतार पोरांना लेव्हल ट्यूबने काढून दाखवते, मासिकाच्या पत्त्यावर तारीख कळवा.